ब्रेकच्या डब्यातलं तेल

डूख धरू नये म्हणतात. म्हणू देत. मी अकरा वर्षं धरला आणि एक दिवस विसरलो न्हाय.

तेव्हा मी तुळजापुरात एका गॅरेजात ब्रेकचं काम करायचो. उस्ताद लई नावाजलेले. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. आमच्याकडं धाराशिवचा एक मालक यायचा, बड्या घरचा, जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याच्याकडं एक दोन माणसांची, बिनटपाची, जुनी स्पोर्ट्स गाडी होती. तिचे ब्रेक मी नवे करून दिले. आठवड्यानं तामलवाडीकडं उतरताना घाटात पुढची चाकं जाम झाली आणि गाडी कठड्यावर आदळली. मालकाचा हात मोडला.

ब्रेकचा सिलिंडर खोलला तर आतली रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगलेली. ब्रेकमध्ये दुसरं कसलंही तेल पडलं की रबरं अशीच फुगतात. मी दुसरं तेल टाकलं नव्हतं. मालक गळ्यात हात बांधून गॅरेजात आला आणि चार लोकांत माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हा मला मारायला निघाला होता." मी येडाई देवीची आण घेतली, रडलो सुद्धा. उस्ताद खाली मान घालून म्हणाले, "उद्यापास्नं येऊ नको."

झालं. पार धाराशिवपर्यंत बोभाटा झाला. मला ब्रेकच्या कामाला कुणी उभं करेना. येरमाळ्याला हायवेवर टपरी टाकून पंक्चर काढत बसलो. ज्याचा हात ब्रेकवर बसलेला, त्यानं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे! दात-ओठ खात वर्षं काढली. हळूहळू ट्रकवाले ब्रेक दाखवायला लागले, टपरीचं गॅरेज झालं. पण उस्तादांच्या लेखी मी अजून तोच होतो, हे मला रोज टोचायचं. त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, पोरा तुझी चूक नव्हती. बाकी मला कुणाकडून काही नको होतं.

आणि गेल्या साली तोच मालक, तीच गाडी, माझ्या दारात.

पुढच्या चाकांना त्याला डिस्क ब्रेक पाहिजे होते. असल्या गाडीला तयार काही मिळत न्हाय. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारे चिमटे, घ्यायचे, ते बसवायला लोखंडी पट्ट्या लेथवर करून घ्यायच्या, पाइप हातानं वाकवायचे. बाकी सगळ्यांनी हात वर केले होते. मला ओळखून तो हसला. "झालं गेलं सोड. पण या टायमाला नीट कर." माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडानं म्हणालो, "करतो की, मालक."

काम मी जीव लावून केलं. पाइपाचा एकेक जोड तीनदा बघितला. वाईट काम करून सूड घेणारा मी न्हाय. तसं केलं असतं तर त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं. पण मला त्याची खोड ठाऊक होती. टोपण उघडं दिसलं की याचे हात शिवशिवणार. कूलंटमध्ये पाणी घालील, इंजिनात तेल ओतील, आणि वर सांगणार, "मीच टॉप करून टाकलं."

शेवटच्या दिवशी मी तुळजापूरला जाऊन उस्तादांना गाडीत बसवून आणलं. "एक काम बघायला चला," एवढंच बोललो. ते थकले होते, पण आले. खुर्ची टाकली, चहा दिला. गाडी स्टँडवर चढवलेली, चारी चाकं अधांतरी. मालकाचा ड्रायव्हर पेडलवर, मालक उघड्या बॉनेटपाशी, मी पुढच्या चाकापाशी बसून पाइपातली हवा काढतोय. दाब, सोड, दाब, सोड. प्रत्येक दाबाला वरच्या डब्यातलं तेल खाली जातं. शेजारी स्टुलावर दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एक ब्रेकच्या तेलाची, एक स्टेअरिंगच्या लाल तेलाची. दोन्हींची नावं समोर.

"मालक, डब्यातलं तेल बघा जरा," मी म्हणालो. टाका म्हणालो न्हाय.

त्यानं हाताला आली ती लाल बाटली उचलली आणि ओतली. "केलं टॉप!"

मी उठलो. बाटली घेऊन शेजारच्या चहाच्या हॉटेलातल्या लोकांना ऐकू जाईल असं तिच्यावरचं नाव वाचलं. "तवा पण असंच टॉप केलं होतं न्हवं?"

"आरं, तेल ते तेल. थोडं कमी दिसलं तवा मीच..." ड्रायव्हरनं पेडलवरचा पाय काढला. हॉटेलातलं कुणीतरी हसलं. मालकाचं तोंड असं उतरलं, की लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षांचं जळणं निवलं.

मग मी उस्तादांकडं वळलो. डोळे भरून आले होते. म्हणालो, "ऐकलंत न्हवं?"

उस्तादांनी कप खाली ठेवला. "मला तवाच ठाऊक होतं," ते म्हणाले. "सिलिंडरातलं तेल मी बोटावर घेतलं होतं, लाल होतं. पण त्यांच्या घरच्या सगळ्या गाड्या आपल्याकडं यायच्या. कुणाला तरी पुढं करावं लागतं, लेका. तू तरणा होतास, निभावून नेशील वाटलं. नेलंस की."

त्या अकरा वर्षांत मी रोज ज्याला शिव्या दिल्या, तो नुसता येडा होता. तेलातला फरक त्याला त्या दिवशीही कळला नव्हता.

मालकानं माझी माफी मागितली, सगळ्यांसमोर. सगळी रबरं परत नवी घालून दोन दिवसांनी मी गाडी त्याच्या ताब्यात दिली. आता त्याची प्रत्येक गाडी माझ्याकडं येते आणि तो लांब उभा राहतो.

पण ते नंतरचं. त्या दुपारी उस्ताद उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मन मोकळं झालं बघ. चल, घरी सोड मला."

मी खांदा काढून घेतला. "फाट्यावर बस मिळंल," म्हणालो.

म्हातारा उन्हातनं गेला. बायको म्हणते, वय बघायचं व्हतं. मी माझं अकरा वर्षांमागचं वय बघत होतो.