काकीच्या परीक्षेची तारीख

माउसवरच्या माझ्या हातावर काकी आपला पंजा ठेवायची. नारळ खवून खवून घट्ट झालेला पंजा. एकदा ठेवला की खालचा हात हलत नसे. मग सावकाश म्हणायची, "थांब गे बाय. आदी नेम सांग." नेम म्हणजे नियम.

पेडण्याच्या बाजारात माझं अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. एक मेज, एक संगणक, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि बाहेर बाकावर वाट बघणारी माणसं. जातीचा दाखला, रेशनकार्ड, लायसन, काय हवं ते. अर्जाच्या तळाला एक बारका चौकोन असतो, 'मी वरील सर्व नियम वाचले असून ते मला मान्य आहेत.' तिथे टिक मारल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. अकरा वर्षं मी त्या चौकोनात लोकांच्या वतीने टिक मारत आले होते, आणि वरचे नियम एकदाही वाचले नव्हते. तुम्हीही वाचत नाही, मला ठाऊक आहे.

काकी पहिल्यांदा आली ती शिकाऊ लायसनसाठी, आणि नेमका तिथेच तिने माझा हात धरला.

"ह्यां काय लिवलां?"

मी सांगितलं.

"वाचलंस तू?"

"वाचूची गरज नसता गे काकी. सगळे मारतत टिक."

"सगळे मारतत ती सगळ्यांची गजाल. माझ्या नावार खोटां कित्याक सांगतंस?"

बाकावर पाचजण होते. मी त्या पाचजणांसमोर सगळे नियम वाचले, एकेक करून, मराठी करून. शिकाऊ लायसन मिळाल्यावर तीस दिवस झाल्याशिवाय गाडी चालवायची परीक्षा देता येत नाही. सहा महिने उलटले की ते शिकाऊ लायसनच संपतं. परीक्षेची तारीख आपण होऊन निवडायची, पण कॅलेंडरवर जे दिवस हिरवे दिसतील त्यांतलीच. गाडी स्वतःची न्यायची, विम्याच्या आणि धुराच्या कागदांसकट. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा.

"तीस दिस म्हणजे तिसाव्या दिसा की एकतिसाव्या?"

मला माहीत नव्हतं. कचेरीत फोन लावला, तर तिथल्या माणसालाही दुसऱ्याला विचारावं लागलं. त्या दिवशी बाकावरचे दोघे कंटाळून उठून गेले. उरलेल्या तिघांनी मात्र, मी काहीही भरायला घेतलं तरी, "आदी नेम सांगा" म्हणायला सुरुवात केली. माझं काम दुप्पट झालं. काकीबद्दल माझं पहिलं मत फारसं चांगलं नव्हतं, हे सांगून टाकलेलं बरं.

काकी तेव्हा छपन्न वर्षांची होती; माझ्या नात्यातली नव्हे, सगळा बाजार तिला काकीच म्हणायचा. तुयेंच्या वाटेवर तिचं घर. तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत तीन कारखान्यांतल्या बावीस माणसांना ती दुपारचा डबा द्यायची: भात, माशाचं हुमण, एक भाजी, सोलकढी. नवरा गेल्यावर तिने हे उभं केलं होतं. ती रांधायची आणि झील, म्हणजे तिचा मुलगा, स्कूटरवरून डबे पोचवायचा. आता झिलाला वास्कोच्या बंदरात नोकरी लागली होती आणि तिथेच राहायला जायचं होतं. तो गेला की डबे कोण नेणार? रिक्षा लावली असती तर रिक्षासाठीच रांधल्यासारखं झालं असतं. आणि चार दिवस डबा चुकला की माणसं दुसरीकडे डबा लावतात, ती परत येत नाहीत.

खरं म्हणजे स्कूटर तिला येत होती. कापणी झालेल्या मळ्यात झिलाने चार संध्याकाळी शिकवली होती. गावातल्या अर्ध्या बायका लायसनशिवाय बाजारहाट करतात, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "झिलाक मी अठरा पुरी होईसर गाडयेची चावी दिवक नाय. रडलो, जेवलो नाय, तरी दिवक नाय. आता माका कशी दिव?"

शिकाऊ लायसनवर गाडी चालवायची तर मागे लायसनवाला माणूस बसलेला हवा. म्हणून महिनाभर काकी पुढे, झील मागे आणि डबे दोघांच्या मध्ये, असे ते तुयेंला जायचे. चोवीस वर्षांचा बाप्या आईच्या मागे डबे कवटाळून बसलेला बघून नाक्यावरचे हसायचे. काकी वळण घ्यायच्या आधीच इतका वेळ इंडिकेटर लावून ठेवायची, की मागचे वाहनवाले वाट बघून शेवटी ओलांडून जायचे.

तीस दिवस सरले. एकतिसाव्या सकाळी मी दुकान उघडलं तर काकी पायरीवर.

"बुधवार भर. बुधवारचो कौल आसा."

आमच्याकडे कौल लावतात ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवळात गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि आपण देवाला प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, घर, विहीर, सगळं असं विचारून होतं. मी स्वतः विचारत नाही, पण विचारणाऱ्याला हसतही नाही.

कॅलेंडर उघडलं. बुधवार भरलेला होता, आणि पुढचाही.

"देवान दिस दिलो," काकी म्हणाली. "जागा तुमी दिवची."

"जागा मी नाय गे दित. हिरवो दिस आसलो तरच गावता."

तिने थोडा विचार केला आणि मला हिरव्या दिवसांची यादी कागदावर काढून द्यायला सांगितली. ती यादी घेऊन देवळात गेली. दुपारी परत आली तेव्हा देवाने शुक्रवार दिला होता आणि शुक्रवार दुसऱ्याच कोणीतरी घेतला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. आता झिलाला जायला नऊ दिवस उरले होते, आणि त्या नऊ दिवसांत एकच जागा दिसत होती: शनिवारची.

तेव्हा तिनेच तोडगा काढला. ती देवळात उभी राहील, मी संगणकासमोर, आणि मध्ये फोन चालू. पाकळी पडली की मी बटन दाबायचं.

मी शनिवार निवडला. तिच्या फोनवर आलेले आकडे तिने वाचून दाखवले, मी ते घातले. आता फक्त शेवटचं बटन राहिलं.

"दाबू?"

"थांब. पाकळी हलता."

फोनमधून घंटा ऐकू येत होती. पानाच्या कोपऱ्यात वेळ उलटी सरकत होती. ती संपली की पान आपोआप बंद, जागा दुसऱ्याला.

"पडली?"

"उजवी हलली. नाय, वारो आसा तो."

मागून गुरवाचा आवाज आला, "काकी, देवाक घाई करू नये."

"देवाक नाय रे, सरकाराक आसा घाई."

बाकावरची माणसं उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. जातीच्या दाखल्यासाठी आलेला एक म्हातारा माझ्या खांद्यावरून वाकून विचारत होता, "पडली गे?" वीस सेकंदं राहिली. पंधरा. फोनवर कोणी बोलेना. आठ राहिली तेव्हा मी बटन दाबलं.

अर्ध्या तासाने काकी आली. मी लपवत बसणाऱ्यांतली नाही.

"मी दाबलंय. पाकळी पडली?"

"नाय पडूक. गुरवान शेवटी उतरवली."

ती दाराशीच उभी राहिली. मला वाटलं, आता रद्द करायला सांगणार.

"मी गुरवाक इचारलंय, देव गप्प रवलो तर नेम काय? तो म्हणालो, मगे आपल्या अकलेन करूचां." तिने खुर्ची ओढली. "माझी अक्कल देवळात अडाकली होती. तुझी धरूया."

शनिवारी मीही गेले. दुकान बंद ठेवून कोणाबरोबर जाण्याची माझी पद्धत नाही. झिलाला त्या दिवशी वास्कोला कागद द्यायला जावं लागलं होतं आणि तिच्या मागे लायसनवाला हवा होता, इतकंच. मैदानावर चुन्याने आठाचा आकडा आखलेला होता. पाय न टेकता त्यावरून गाडी फिरवायची. काकीने पहिलं वेटोळं सुरेख घेतलं. दुसऱ्या वेटोळ्याच्या मधोमध एक कुत्रा येऊन, जागा बघून, अंग टाकून झोपला. काकी थांबली. पाय टेकला.

तपासणारे साहेब तरुण होते आणि भले होते. कुत्र्याला हाकलून ते म्हणाले, "आजी, परत एक फेरी मारा."

"पाय टेकलो."

"कुत्रा आला म्हणून टेकला. मारा परत."

"पाय टेकलो तर नापास, असो नेम आसा मां?"

"आहे."

"मगे लिवा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. त्यांनी लिहिलं.

परतताना तिच्या मागे बसून मी तिला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. झील सोमवारी जाणार होता. सात दिवस पुन्हा परीक्षा नाही. बावीस डबे, इतक्या वर्षांचं उभं केलेलं काम, आणि एका झोपाळू कुत्र्यासाठी हिने ते पणाला लावलं होतं. मी बोलून दमले तेव्हा ती पुढूनच म्हणाली, "त्या साहेबाच्या हाताखालसून उद्या दुसरो कोण जातलो. कुत्र्यासाठी थांबूचो नाय असो. आज माका सोडल्यानी तर त्याकाय सोडूचां लागतलां. माका थांबल्याची लाज नाय गे."

थोड्या वेळाने मी तिरकसपणे विचारलं, "आता परत कौल लावतलंस?"

"नाय. सात दिस झाल्यार जो पयलो हिरवो दिस गावतलो, तो घे. ह्यात देवाक इचारण्यासारखां काय उरूक नाय."

पहिला हिरवा दिवस दहा दिवसांवर होता. आणि त्या दहा दिवसांत तिच्या मागे कोण बसलं, हे तुम्ही ओळखलं असेलच. रोज अकराला दुकानाला कुलूप, माझी स्कूटर तिच्या अंगणात, आणि मी तिच्या मागे, मांडीवर डब्यांची पिशवी. हुमणाचा वास आणि स्टीलचा चटका. बाकावरची माणसं विचारायची, "बाय खंय गेली?" आणि जातीच्या दाखल्यावाला म्हातारा सांगायचा, "डबे पावयता."

त्या दहा दिवसांत मला काही गोष्टी कळल्या. पॅकिंगमधल्या एका मुलीच्या डब्यात मासा नसायचा, कारण तिला दिवस गेले होते आणि वासाने उलटी व्हायची. तिने हे घरी अजून सांगितलं नव्हतं, काकीला सांगितलं होतं. एका म्हाताऱ्या वॉचमनचा भात मऊ शिजवलेला, वेगळ्या टोपातला. झाकणावर कुठे खूण नव्हती. सगळं काकीच्या डोक्यात. आणि रस्त्यावर ती एकदाही कोणाच्या आधी गेली नाही. सुरुवातीला मला त्याचा संताप यायचा. आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मागे बसून मला चक्क डुलकी लागली होती.

दुसऱ्या परीक्षेला कुत्रा नव्हता. काकीने आठ असा काढला, जसं चुलीसमोर बसून घावन घालावं. साहेब स्वतःच हसले आणि म्हणाले, "पास."

पण पास म्हणजे लायसन नव्हे, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला मी तिच्या मागे. पहिल्या कारखान्याच्या फाटकाशी डबे देत असताना तिचा फोन वाजला. तिने तो माझ्या हातात दिला. मी संदेश वाचला, मग खात्रीसाठी पोर्टल उघडून बघितलं. तिथे लायसनचा क्रमांक होता आणि तिचं नाव होतं.

"इलां," मी म्हटलं.

"नीट बघ."

"नीटच बघितलंय."

"म्हणजे आता मागे कोण नको? तसो नेम आसा?"

"तसोच आसा."

तिने माझ्या मांडीवरची पिशवी घेतली, पुढे पायांशी ठेवली, दोनदा हलवून बघितली. मग म्हणाली, "तू उतर गे बाय. दोन फाटकां रवलीत. एकदां माका एकटीक जावंदी. परतताना घेतंय तुका."

मी उतरले. रस्त्याकडेच्या काजूच्या सावलीत हेल्मेट हातात घेऊन उभी राहिले. ती दुसऱ्या फाटकाशी थांबलेली दिसली, मग वळणाआड तिसऱ्याकडे गेली. उन्हात रस्ता रिकामा होता. दहा मिनिटांनी ती परत येताना दिसली. पाठ ताठ, पदर कमरेला खोचलेला, पायांशी रिकामी पिशवी. तोंड हलत होतं. काहीतरी म्हणत होती, गात असेल किंवा कोणाला तरी सांगत असेल. माझ्याजवळ आली तेव्हा मी हात वर केला.

तिने आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग आरशात. इंडिकेटर लावला. आणि मला घ्यायचं साफ विसरून, माझ्या समोरून वळून घराच्या रस्त्याला लागली.

मी हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी मारली नाही. बसला अजून पाऊण तास होता.