गोंडव्यांच्या नावावरचे एकेचाळीस हातपंप

टावोंगा म्सिस्काला खुर्चीत सलग दहा मिनिटं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या म्झुझूच्या ऑफिसात ती माझ्या समोरच्या टेबलावर असते. मी पाइप आणि पंपांच्या स्टोअरचा माणूस. फोन आला की ही बाई उठते, बोलत खिडकीपर्यंत जाते, परत येते, टेकते न टेकते तोच पुन्हा उठते. काम मात्र बसल्या जागेचं. आमची संस्था खेड्यांत हातपंप बसवते आणि प्रत्येक पंपाची नोंद एका वेबसाइटवर असते. तिथे कुणी नुसतं बघायचं, कुणी लिहायचं, कुणी काम 'पूर्ण' म्हणून बंद करायचं, हे टावोंगा ठरवते. सत्तर माणसांचे हक्क तिच्या हातात, आणि शिव्याही सत्तर जणांच्या.

त्या शुक्रवारी लिलाँग्वेच्या मोठ्या ऑफिसचं पत्र आलं. संध्याकाळी पाचला वेबसाइटवरून यादी काढणार. ज्याच्या नावावर एकही पूर्ण काम नाही, त्याचं कंत्राट संपलं. पत्र वाचून होतंय तोवर रुम्फीहून वेझी न्यिरेंदाचा फोन. वेझी आमची तिकडची मेकॅनिक, मोटारसायकलवरून गावोगाव पंप बसवत फिरते.

"सिस्टर, माझ्या नावावर शून्य दिसतंय!"

"असं कसं? तू एवढे पंप बसवलेस ना?"

"बसवले. पण बंद कुणाच्या नावाने केले?"

टावोंगाने माझ्याकडे पाहिलं. मी कपाट आवरायला घेतलं. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गोंडवे आमचे व्यवस्थापक, सगळे त्यांना अगोगो म्हणतात, म्हणजे आजोबाच. दोन वर्षांपूर्वी वेझीला कामं बंद करता येईनात, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या नावाने आत जाऊ दे की पोरीला, माझं काय झिजतंय?" पासवर्ड देऊन मोकळे झाले. वडीलधाऱ्याने स्वतःहून दिलेलं परत करायचं कसं? त्यांचा अपमानच तो. मग तेच चालू राहिलं. भिंतीवर गोंडव्यांना मिळालेलं प्रमाणपत्रही लागलं: उत्तर विभागात सर्वाधिक पंप.

"आता तुझ्या नावाने आत जा," टावोंगा म्हणाली.

"गेले. सगळं दिसतंय, पण 'पूर्ण'चं बटणच नाही."

टावोंगाने वेझीचा गट तपासला. मेकॅनिकांचा, बरोबर. गटाचे हक्क बरोबर. रुम्फीच्या कामांचे हक्कही बरोबर. ती खिडकीपाशी जाऊन आली. वेझीला गटातून बाहेर काढून पुन्हा आत घेतलं, नवा पासवर्ड दिला. बटण काही येईना. दुपारचे दोन वाजले, माझी मक्याची न्सिमा खाऊन झाली, तिची डब्यातच वाळली. मग तिने वेझीचं एकटीचं पान उघडलं.

तिथे एका चौकोनात खूण होती: फक्त पाहता येईल. गट काहीही म्हणो, शेवटी ही खूणच चालते. वेझी नवी आली तेव्हा शिकण्याच्या आठवड्यापुरती घातलेली. खाली तारीख होती, आणि खूण करणारीचं नाव: टावोंगा म्सिस्का.

"एक आठवडा," ती पुटपुटली. "एका आठवड्यासाठी होती रे."

खूण काढायला तिला क्षणही लागला नाही. पण जुने पंप गोंडव्यांच्या नावावर होते, ते हलवायला त्यांना विचारावं लागणार. ती त्यांच्या खोलीत गेली, मागोमाग मी.

"किती आहेत तिचे?" गोंडव्यांनी विचारलं.

"एकेचाळीस, अगोगो."

"मग माझे किती उरतात?"

"चार."

म्हातारा बराच वेळ टेबलावरचा चष्मा पुसत राहिला. मला त्यांची दया आली आणि रागही आला. शेवटी म्हणाले, "कर. लाईट जायच्या आत कर."

वेझीने फोनवर एकेचाळीस गावं ओळीने सांगितली, तोंडपाठ. कुठल्या गावात दगड लागला, कुठे पाइप कमी पडले, तेही सांगत होती. गोंडवे दारात उभे राहून ऐकत होते. त्यातल्या एकाही गावात ते गेले नव्हते. टावोंगा उभ्याउभ्याच टाइप करत होती. प्रत्येक पंपाखाली ती लिहीत गेली: काम वेझी न्यिरेंदाचं, तिचा हक्क माझ्या चुकीने अडकला होता, टावोंगा म्सिस्का.

"नुसतं नाव बदल ना," मी म्हणालो. "एकेचाळीस वेळा स्वतःची मान कशाला पुढे करतेस? नोकरी जाईल."

"नुसतं बदललं तर लिलाँग्वेवाले म्हणतील, अगोगोंनी चोरले. चूक माझी आहे."

पाचला दहा कमी असताना शेवटचा पंप हलला. पाचला यादी आली. पंपांच्या संख्येने वेझीचं नाव तिसरं. टावोंगाने लगेच फोन लावला.

"वेझी, तू यादीत आहेस! झालं काम!"

पलीकडून आभार आले नाहीत. मोटारसायकलचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

"काय बिघडलं होतं, सिस्टर?"

टावोंगाने सांगितलं. खूण, आठवडा, सगळं. लपवलं काही नाही.

"दोन वर्षांत मी तुला किती वेळा फोन केला," वेझी म्हणाली. "दर वेळी तू म्हणायचीस, जा ना अगोगोंच्या नावाने. मला वाटायचं, मीच काहीतरी चुकीचं दाबते. घरी नवऱ्याला सांगायचे, पंप बसवता येतो मला, पण लिहिण्यावाचण्याच्या कामात मी मठ्ठ आहे."

टावोंगा खुर्चीत टेकली. वेझीने फोन ठेवला.