तिसरं वाक्य आणि तान्हा पोळा

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर ऑइलपेंटनं चार वाक्यं रंगवली होती. माझं काम मी करीन. खरं बोलेन. कुणापुढं हात पसरणार नाही. शिकेन ते दुसऱ्याला शिकवीन. अक्षरं वीतभर उंच, ठसठशीत, रस्त्यावरून सायकलवर जाताना वाचता यावीत अशी. शाळा अंध मुलांची होती.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ही विसंगती मुख्याध्यापकांच्या नजरेस आणून दिली. तसं बोलून गेल्यावर मला आठवलं, की मुख्याध्यापक, म्हणजे सगळ्यांचे मोठे सर, स्वतः जन्मापासून अंध आहेत. मी जीभ चावली. पण जीभ चावल्याचा आवाज होत नाही, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

सर शांतपणे म्हणाले, "मास्तर, ती मुलांसाठी नाहीतच. मुलांना पाठ आहेत. पाहुणे येतात, खाऊचे पुडे आणतात, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत डोळे पुसतात. त्यांनी आत येण्याआधी वाचावीत म्हणून लिहवून घेतली."

मला खरं तर बँकेत जायचं होतं. बँकेला तसं वाटलं नाही. मग कुणाच्या तरी ओळखीनं नागपुरात नंदनवनच्या पुढे, जिथं तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, त्या शाळेत मी लागलो. दिवसा गणित आणि भूगोल, संध्याकाळी वसतिगृहाची देखरेख. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या अंगात तेव्हा उत्साह फार होता आणि त्याला वाट कुठली द्यायची ते ठाऊक नव्हतं.

शाळेच्या मुलांकडून अपेक्षा साध्या होत्या आणि कडक होत्या. अंथरूण, कपडे, ताट, सगळं ज्याचं त्यानं बघायचं. ब्रेल शिकायची, वेताच्या खुर्च्या विणायला शिकायचं आणि पुढे आपल्या हातांवर पोट भरायचं. एक नियम मात्र आम्हा डोळसांसाठी होता: मागितल्याशिवाय मदत करायची नाही. मी तो पहिल्याच आठवड्यात मोडला. जिना उतरणाऱ्या एका मुलाचा दंड मी प्रेमानं धरला आणि शेवटच्या पायऱ्या आम्ही दोघंही बसून उतरलो. पायऱ्या त्याला पाठ होत्या, मला नव्हत्या.

"सर, पुढच्या वेळी मी तुमाले धरतो," तो चड्डी झटकत म्हणाला.

त्या वर्षी सावनेरकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा नवा आला. दहा-अकरा वर्षांचा, काटकुळा, बोलका. त्याच्या पेटीत कपडे थोडे आणि एक लाकडी बैल. चाकांवर चालणारा, गळ्यात घुंगरू, पाठ हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेली. श्रावण सरत आला तसा तो रोज संध्याकाळी बैलाला तेल चोळू लागला.

"सर, इथं तान्हा पोळा भरते का?"

पोळ्याला खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल निघतात, तो तान्हा पोळा. पोरं बैल ओढत घरोघर जातात, घरची बाई बैलाला टिळा लावून ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. एखादं नाणं, गोळ्या, बिस्किटं. नागपूरकराला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगितलं.

"भरतो की! गावी तू जायचास का?"

"माहा बैल जाये. मी नाही. माय म्हणे, पडशीन, ओसरीवर बस. मोठा भाऊ माहा बैल घेऊन जाये अन् अर्धा बोजारा मले आणून दे. लोकं त्याले म्हणत, बैल मस्त आहे गा तुहा." तो तेलाचे हात चोळत थांबला. "मले एक बार माह्या हातावर घ्याचा आहे, सर."

मी तिथल्या तिथं शब्द दिला. शब्द देण्यात मी कधी मागे राहत नाही. मागाहून परवानगीसाठी मोठ्या सरांकडे गेलो.

"तिसरं वाक्य, मास्तर," सर म्हणाले.

"पण सर, सण आहे. सगळीच पोरं घेतात."

"तुमच्या पोराच्या हातावर पडतो तो बोजारा. आमच्या पोराच्या हातावर पडते ती भीक. नाणं तेच असतं." मग त्यांनी एक हकिकत सांगितली. तरुणपणी ते सीताबर्डीवर एका दुकानाच्या पायरीवर मित्राची वाट बघत संत्रं सोलत बसले होते. साली रस्त्यावर नकोत म्हणून मांडीवर रुमाल पसरला होता. कुणीतरी जाता जाता त्या रुमालात नाणं टाकून गेलं. "माणूस चांगलाच असणार. पण ते संत्रं मला पुढे गेलं नाही."

मी उठून निघालो. तेव्हा सरच म्हणाले, "पोराला अडवू नका, घेऊन जा. फक्त बोजारा कोणता आणि भीक कोणती, ते तुम्ही बघा."

दोन दिवस डोकं खाजवल्यावर मला अफलातून युक्ती सुचली. काही घ्यायचंच नाही! घेतलंच नाही तर भीक होईल कशी? मी स्वतःवर इतका खूश झालो की लगेच तालीम सुरू केली. आणखी पाच मुलं यायला तयार होती. त्यांच्याकडे बैल नव्हते, म्हणून त्यांनी खुर्च्यांतून उरलेल्या वेताचे विणले. एकाचा बैल बराचसा खुर्चीसारखाच झाला होता, पण चार पायांवर उभा राहत होता. मी शिकवलं, की ओवाळून झालं की हात पाठीमागे घ्यायचे आणि एका सुरात म्हणायचं, "धन्यवाद! आम्ही कुणापुढं हात पसरणार नाही!"

"मंग बोजारा, सर?" सावनेरवाल्यानं विचारलं.

"आपण त्याहून मोठी गोष्ट घेऊन येणार आहोत. स्वाभिमान."

"तो खिशात राहते का?"

मी तालीम पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघालो. सहा बैल, घुंगरांचा आवाज, पुढे गळ्यातली शिट्टी वाजवत मी. पहिल्या घरची बाई हसत बाहेर आली, तिनं सगळे बैल ओवाळले आणि गोळ्या देण्यासाठी मूठ पुढे केली. सहा हात झटकन मागे गेले आणि तालमीपेक्षा दुप्पट आवाजात घोषणा झाली. बाईच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं.

"अवं माय! काहून गा मास्तर, आमच्या घरचं चालत नाही का तुमाले? सणाच्या दिवशी बैल रिकामा धाडता?"

मी स्वाभिमानावर दोन शब्द बोललो. तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी तिनं मागच्या अंगणातून आधीच कळवलं असावं, कारण तिथं दार उघडलंच नाही. तिसऱ्या घरची बाई कमरेवर हात ठेवून फाटकातच उभी होती.

"हेच का ते घोषणावाले? मोर्चा काहून घेऊन राहिले माह्या घरी?"

तेवढ्यात शेजारचा एक पोरगा आपला बैल खडखडवत आला. बाईनं टिळा लावला, ओवाळलं, त्याच्या हातावर नाणं ठेवलं. तो उड्या मारत गेला.

आमच्या सावनेरवाल्यानं मान वळवून विचारलं, "सर, त्यानं हात पसरला का?"

"हो."

"मंग तो भिकारी झाला का?"

"नाही रे, तान्हा पोळा आहे ना आज."

"मंग आमचा कोणता पोळा आहे?"

त्याचा चेहरा असा झाला होता, की जणू मी त्याला उचलून पुन्हा त्या ओसरीवर नेऊन बसवलं होतं. बाईनं ते पाहिलं आणि तिचे कमरेवरचे हात खाली आले.

"मास्तर, तुमी जरा बाजूले व्हा बरं." ती पोरासमोर वाकली. "कोनाचा गा हा बैल?"

"माहा."

"खाते काय?"

"ढेप, सरकी. कधी कधी बिस्कुट."

"मारका आहे का?"

"सगळ्यायले नाही. फक्त मास्तरले मारते."

बाई पदर तोंडाला लावून हसली. बैलाला टिळा लावला, ओवाळलं आणि मूठ पुढे केली. पोरानं माझ्या दिशेला कान लावला. मी खोकलोसुद्धा नाही. मग त्यानं सावकाश हात पुढे केला, तळवा जरा वाकडाच, कारण कसा धरायचा हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. हातावर वजन पडल्यावर त्यानं मूठ मिटली आणि तसाच उभा राहिला. पाठीमागून पाच हात आपोआप पुढे आले. माझी तालीम संपली.

पुढची घरं मजेत झाली. खिसे फुगले. गल्लीच्या टोकाला स्कूटरवरचे एक गृहस्थ थांबले. "अरेरे, बिचारी लेकरं!" म्हणत त्यांनी खिशातून मूठभर नाणी काढली. मी आता पुरता सुधारलो होतो. म्हणालो, "घे रे, काका देत आहेत!"

सावनेरवाल्यानं हात पुढे केला नाही.

"काका, बैलाले टिळा लावला का?"

"अं? नाही बेटा, हे तुझ्यासाठी आहे."

"मंग नको."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या स्कूटरकडे पाहिलं. दोन दिवस डोकं खाजवून मला जे जमलं नव्हतं, ते, बोजारा कोणता आणि भीक कोणती, त्यानं बैलाच्या कपाळावर ठरवून टाकलं होतं. वेताच्या बैलवाला एक व्यवहारी पोरगा मागून म्हणाला, "टिळा लावा ना काका, मंग घेतो."

गृहस्थ खरोखर उतरले. जवळच्या घरातून कुंकू मागून आणलं, चपला काढल्या, आणि सहाच्या सहा बैलांना टिळे लावले. खुर्चीसारख्या बैलापाशी मात्र त्यांना विचारावं लागलं, की तोंड कोणत्या बाजूला आहे. मग त्यांनी नाणी वाटली आणि जाताना "बैल फर्स्टक्लास!" असं ओरडून गेले. सावनेरवाला खुशीनं लाल झाला.

परत आलो तेव्हा शाळेच्या फाटकात मोठे सर उभे होते. सहा जणांनी एकदम सगळी हकिकत सांगितली, माझ्या घोषणेसकट. सर इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली. हसू थांबलं, तेव्हा त्यांच्यासमोर सावनेरवाला उभा होता.

"सर, बोजारा. हात पसरला आहे मी."

सर खाली वाकले. मग म्हणाले, "आधी बैल कुठं आहे तुझा?" कुंकू आणायला सांगितलं. पहिला टिळा माझ्या मनगटावर लागला, कारण बैल उचलून धरायला कुणी सांगितलं नसताना मी तो धरला होता. दुसरा बरोबर बैलाच्या कपाळावर बसला. सरांनी बैलाच्या पाठीवरून, शिंगांवरून हात फिरवला आणि "जनावर देखणं आहे," म्हणाले. खिसे चाचपले तर रिकामे. तेव्हा त्यांनी माझ्या गळ्यात हात घातला, मिरवणुकीसाठी मी अडकवलेली शिट्टी ओढून काढली आणि पोराच्या तळव्यावर ठेवली.

"सर, ती माझी आहे," मी म्हणालो.

"होती," सर म्हणाले.

पोरानं शिट्टी तोंडात घालून अशी वाजवली की झाडावरचे कावळे उडाले. सहाही बैल गर्रकन फिरले.

"चला रे, मागची गल्ली राहिली आहे!"

घुंगरं वाजत फाटकाबाहेर पडली. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नव्हतं. मी सगळ्यांत मागून निघालो.