चमच्याचे सुळे आणि माझी टाळी

मंडळी, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या सानगडी गावात दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी नाटक बसवतोय. आज दुपारी तालीम होती. आमचे हे त्यात रक्तपिशाच आहेत. सुळे मी घरीच केले. प्लास्टिकचा पांढरा चमचा कापला, घासून टोकं काढली आणि मेणबत्तीच्या मेणानं यांच्या दातांवर चिकटवली.

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकातला खलनायक मान मागे टाकून गडगडाटी हसतो. हेही तसेच हसले, अन् मधेच आवाज बंद. हात गळ्यावर, डोळे पांढरे. काय अभिनय! आम्ही टाळ्या वाजवल्या.

सासूबाई मात्र ओरडत धावल्या, "टाळ्या काय वाजवून राहिले रे! त्याले श्वास घेता नाही येऊन राहिला!"

त्यांनी लेकाला वाकवून पाठीत बुक्के घातले. चौथ्या बुक्क्याला सुळा माझ्या पायाशी येऊन पडला. तोंडातल्या उबेनं मेण मऊ झालं होतं.

आता हे समोर बसून भात खाऊन राहिले आहेत. प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत माझी नजर त्यांच्या गळ्यावरून हलत नाही.

सासूबाईंना लगेच कळलं. मले काहून नाही कळलं? बारा वर्षांचा संसार आहे आमचा, अन् पहिली टाळी माझी होती.