तिठ्यावरची लिंबं

मी आयुष्यात सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या मामांचा. आणि लिंबाला माणसापेक्षा जास्त मान देणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस साऱ्या तासगाव तालुक्यात नसेल. कोयनेकडच्या आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती. मामांनी मला आपल्या घरी आणलं आणि शेतकी पदवी मिळेपर्यंत शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बागेत पाहुणा आला की मामा आधी कागदी लिंबाची झाडं दाखवीत आणि मग मला.

आजूबाजूचे सगळे द्राक्षाच्या मागे असताना मामांनी लिंबं लावली. दव वाळल्याशिवाय ते फळाला कुणाला हात लावू देत नसत. "वली साल दुखती, दोन दिसांनी डाग पडतोय," म्हणायचे. आकार मोजायला त्यांनी मामेबहिणीच्या बारशातली बांगडी ठेवली होती. बांगडीतून खाली पडलं ते लिंबू बाजारात, अडकलं ते त्यांच्या मनातल्या दुबईला! लग्नात नवरदेवाच्या कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं. मामांचं लक्ष नवरानवरीकडे नसायचंच, त्या लिंबाकडे असायचं. एकदा मंगलाष्टकं चालू असताना ते पुढे गेले, कट्यारीवरचं सुकलेलं लिंबू उपटलं आणि खिशातलं आपलं टोचलं. भटजी थांबले. मामा म्हणाले, "चालू द्या तुमचं. माल बदलला फकस्त."

दुबईची पहिली मागणी मिळाली ती अशी बरीच वर्षं गावाचं हसू सोसल्यावर. मुंबईच्या व्यापाऱ्याचा ट्रक संध्याकाळी यायचा होता, आणि तो रिकामा गेला तर पुन्हा फिरकणार नव्हता. मी नुकताच पदवी घेऊन आलो होतो. आदल्या दिवशी प्रत्येक ओळीतलं एकेक लिंबू घेतलं, त्यावर तांबड्या शाईने ओळीचा आकडा घातला, कापून रस मोजला आणि फोडी जाता जाता तिठ्यावर टाकून दिल्या. दुसऱ्या दिवशी अमावास्या आहे हे काही माझ्या पुस्तकात नव्हतं.

सकाळी तोडणीच्या बायका तिठ्यावरच थबकल्या. त्यांची म्होरकी सोनाबाई तिथूनच मामांना ओरडून म्हणाली, "आवं तात्या, करणी केलीया कुणीतरी! तांबडी लिंबं, वर आकडं लिवल्यात. आमी न्हाई येत बागंत."

मामा चालत तिठ्यावर गेले, मी मागे. त्यांनी वाकून एक फोड उचलली, उलटीसुलटी बघितली आणि मला विचारलं, "काय रं, तू शिकल्याला हाईस. काय आसंल ह्ये?"

"काय की," मी म्हणालो.

मामांनी फोड धोतराला पुसली, सोनाबाईच्या तांब्यात पिळली, ते पाणी घटाघटा प्याले आणि वर फोडही चोखली. "आंबट हाय. करणी आसती तर कडू लागली आसती."

"आन् दुपारपातुर मेलासा तर?"

"तर उद्या सुट्टी. आज ट्रक हाय, चला."

बायका हसल्या आणि आत आल्या. दुपारपर्यंत सोनाबाई दर दहा मिनिटांनी मामा जिवंत आहेत का ते बघून जात होती. मामींनी त्यांचे तांबडे ओठ पाहून विचारलं, "पान कवा खाल्लंसा?" दिवस मावळायच्या आत शेवटचं खोकं ट्रकात चढलं.

पुढे परदेशी जाणाऱ्या फळांची तपासणी करण्याची नोकरी मला मुंबईत लागली. पहिल्याच आठवड्यात मी मामांना पत्र लिहिलं:

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. दिवसभर लिंबं कापतो आणि रस मोजतो, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिठ्यावरच्या त्या फोडी मीच टाकल्या होत्या. पण हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. तुम्ही उचललेल्या फोडीवर सात होता; माझा सात तुम्हीच गिरवून घेतला होता, आणि त्याची शेपटी अजून सरळ येत नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही तो सात चोखून पुसून टाकलात. मामा, तोंडात शाई गेल्यावर कसं लागलं, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

तुमचा भाचा