गेटचा दुसरा पल्ला

दोन्ही पल्ले शेजारी उभे केले आणि वर्कशॉपमधली ठोकाठोकी थांबली. धामणगावच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचं गेट होतं. वर मधोमध उंच कमान हवी होती. आमचे दोन्ही पल्ले मात्र उजवीकडेच चढत गेले होते, करवतीच्या दातांसारखे.

“गुलाब, हे काय करून ठेवलं? उद्या ट्रक येऊन राहिला ना!” मालक ओरडले.

“मले जसा कागद देल्ला, तसाच पल्ला केला, मालक.”

“एवढंही समजत नाही तुले? उद्यापासून येऊ नको.”

गुलाबदादा आमचे जुने फिटर. ते ऐरणीपाशी जाऊन बसले.

मी अमरावतीला कॉलेजात शिकतो आणि दुपारनंतर इथे ड्रॉइंगची कामं करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मोठ्यांसमोर बोलायला अजून जीभ अडखळते. पण तो कागद मालकांनी स्वतः काढला होता. इथे अर्धंच गेट काढतात, फक्त डावा पल्ला. मधली उभी रेघ म्हणजे अक्ष. उजव्या पल्ल्यासाठी प्रत्येक बिंदू त्या रेघेपलीकडे तेवढ्याच अंतरावर न्यायचा. डावीकडे दोन फुटांवर उंची नऊ फूट, तर उजवीकडेही दोन फुटांवर नऊच. कॉलेजात आम्ही त्यासाठी अंतराचं नुसतं चिन्ह बदलतो, उण्याचं अधिक. गुलाबदादांनी दुसऱ्या पल्ल्याची मापंही डाव्या कडेपासूनच घेतली होती.

“साहेब,” मी मालकांना कसंबसं म्हणालो, “दुसरा पल्ला उलटा घ्या, असं ड्रॉइंगवर कुठं नव्हतं.”

“तू मले शिकवून राहिला का?”

“नाही जी. पण खरंच नव्हतं.”

आता आपलंही काम गेलं, असं वाटलं. मालकांनी कागद उचलला. उलटून पालटून पाहिला.

“मग आता कसं करतं, सांग.”

“पल्ल्याची मागची बाजू पुढे फिरवली तर कमान जुळते. पण समोर ठोकलेला पत्रा आतल्या बाजूला जातो. तेवढा काढून पुढून बसवावा लागेल.”

गुलाबदादा उठले. “या बाबू, छन्नी धरा. बोलल्यानं पत्र्याचे रिव्हेट निघत नसते.”

दिवस मावळेपर्यंत आम्ही रिव्हेट तोडत होतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पेन्सिल धरवत नव्हती. गेट मात्र ट्रकवर चढलं. मालकांनी काढून टाकण्याचा विषय पुन्हा काढला नाही. चुकलं, असंही म्हणाले नाहीत. गुलाबदादा कामावर आहेत.

आता पूर्ण गेट काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. कंटाळा येतो, पण काढतो. अर्धं ड्रॉइंग दिलं, की उरलेलं अर्धं कुणाला तरी लोखंडात काढावं लागतं, तेही दोनदा.