ओके कशेडी उतरला

अक्का अंक वाचायला बसल्या की महाडच्या बाजारपेठेतले कावळे उडून बिरवाडीला जायचे. विश्वास ठेवा. मी पोलादपूरचा माणूस आहे, आमच्याकडे खोटं फक्त गरजेपुरतं बोलतात. अक्कांचा नियमच होता: साप्ताहिक 'खणखणीत'ची चारही पानं छपाईला जाण्याआधी त्यांनी स्वतः वाचायची, मोठ्याने वाचायची आणि विरामचिन्हांसकट वाचायची. "तडफदार नेते स्वल्पविराम गोरगरिबांचे कैवारी स्वल्पविराम आणि आमचे परममित्र, हे काढ रे, मित्र कुणाचे ते त्यांचं त्यांना ठाऊक, पूर्णविराम." शोकसंदेशसुद्धा असेच वाचले जात. एकदा मयताचा मुलगा समोर बसला होता. त्या बिचाऱ्याने प्रत्येक स्वल्पविरामाला हुंदका गिळला आणि पूर्णविराम आल्यावर मोकळेपणाने रडून घेतलं. जाताना म्हणाला, अक्का, असं शिस्तीत रडायला घरीसुद्धा मिळालं नव्हतं.

अक्का मूळच्या वरंधच्या. नवरा वारला तेव्हा त्याच्यामागे एक छापखाना, एक साप्ताहिक आणि अर्ध्या तालुक्याचं वैर एवढी इस्टेट राहिली. छापखाना त्यांनी विकला. साप्ताहिक आणि वैर मात्र दुपटीने वाढवलं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो बिबट्याची बातमी घेऊन. बिबट्या घोड्याएवढा होता असं मी लिहिलं होतं. अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू बघितलास?"

"नाही अक्का. पण ऐकलं."

"मग तसं छापू. 'पोलादपूरकर यांनी घोड्याएवढा बिबट्या ऐकला.' चालेल?"

तेव्हापासून मी पोलादपूरकर झालो. माझं खरं आडनाव माझ्या बायकोलाही आता आठवून सांगावं लागतं. त्या दिवशी अक्कांनी ऐकवलेलं वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन: "माझ्या डोळ्यांखालून गेलं नाही ते माझ्या नावाखाली जाणार नाही."

आणि नेमके डोळेच गेले. एकदम नव्हे, सावकाश. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला पडदा झिजलाय, चष्म्याने भागायचं नाही. अक्का भिंग घेऊन वाचू लागल्या, मग दोन भिंगं एकावर एक धरून. त्या दोन भिंगांतून त्यांनी रोखून पाहिलं की समोरचा माणूस न विचारताच कबुलीजबाब द्यायचा.

याच सुमारास त्यांचा पुतण्या शेखर मुंबईची नोकरी सोडून लॅपटॉपसकट महाडात उतरला. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. महाडात लॅपटॉप उघडला की लोक चपला काढून आत येत. अंकाचं काम शेखरने त्या यंत्रावर घेतलं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला बातमी ही दोन जाहिरातींमध्ये राहिलेली मोकळी जागा वाटायची.

"काकू, आता तुम्ही आराम करा," तो म्हणाला. "अंक मी बघतो. तुम्हाला दिसत नाही, उगाच त्रास कशाला?"

"तू बघशील रे. पण तू काय बघतोयस ते मला कुठे दिसणार?"

"म्हणूनच म्हणतो, खुर्चीवर मी बसतो."

अक्का शांत झाल्या, तिथेच मला धास्ती वाटली. "येत्या गुरुवारी," त्या म्हणाल्या, "सगळ्यांसमोर चारही पानं पडद्यावर वाचते. भिंग नाही, काही नाही. एक ओळ अडली तर खुर्ची तुझी. नाही अडली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

शेखर हसला. लॅपटॉपवरची अक्षरं इतकी बारीक की ती वाचायला मुंगीसुद्धा जवळ सरकली असती.

अक्कांनी सुर्व्याला बोलावलं. महाडपासून पोलादपूरपर्यंतचे सगळे कॉम्प्युटर सुर्वे दुरुस्त करायचा. म्हणजे उघडायचा आणि फुंकर मारायचा. त्याने कुठूनसा एक मोठा, रुंद, चपटा मॉनिटर आणून लॅपटॉपला जोडला. चित्र उमटलं. पडद्यावरचा जो तो आडवा सुटला होता. पानावरच्या फोटोतला सत्कारमूर्ती सरपंच मुळात काडीपैलवान, तो पडद्यावर एकटाच व्यासपीठ भरून उरला होता. अक्षरंही तशीच, फुगलेली आणि पुसट.

"अक्षर जाड नको, मोठं हवंय," अक्का म्हणाल्या.

सुर्व्याने विंडोजमध्ये शिरून कुठलीशी खूण केली आणि सगळ्या कॉम्प्युटरची अक्षरं मोठी केली. झाली खरी. पण मराठीच्या प्रोग्रामला ही श्रीमंती सोसली नाही. ओळीची उंची जुनीच राहिली आणि अक्षर वाढलं, त्यामुळे वरच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार छाटले जाऊ लागले. 'मंत्री' नुसताच 'मत्रा' दिसू लागला. शेखरला वाटलं मात्रा पडतच नाहीत, म्हणून त्याने प्रत्येक मात्रा दोनदोनदा दिली. पडद्यावर तरीही काही दिसेना. कागदावर मात्र छापून आलं: 'शैलार यांनी पैढै वाटलै.'

अक्कांनी दोन्ही भिंगं लावून तो कागद वाचला. "शेखर, हे मराठी आहे की शेळीला ठसका लागलाय?"

त्याहून मोठं संकट पुढेच होतं. पानात काहीही बदल केला की प्रोग्राम एक चौकट उघडून विचारायचा, बदल ठेवू का? त्या चौकटीच्या तळाशी 'ओके'चं बटण. अक्षरं मोठी झाल्यावर चौकट इतकी लांबली की तळ पडद्याच्या खाली गेला. चौकट दिसतेय, प्रश्न दिसतोय, उत्तर द्यायचं बटणच नाही.

"ओके कुठाय?" अक्कांनी विचारलं.

"खाली गेलाय अक्का. पडद्याच्या भायेर."

"किती खाली?"

सुर्वे खुर्चीवरून उठला, टेबलाखाली वाकून आला आणि घाम पुसत म्हणाला, "काय सांगू, पार घाटातनं कशेडी उतरला असंल. आपल्या जिल्ह्यात तरी नाय."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी बाजारात पोचलं. तेव्हापासून महाडात कुणाचं काम अडलं की लोक म्हणत, ओके कशेडी उतरलाय. मामलेदार कचेरीत म्हणत, मुलीकडचा निरोप आला नाही की म्हणत. कशेडीच्या घाटात ट्रक अडलेला असताना ड्रायव्हर हे म्हणाला, तेव्हा ते अक्षरशः खरं होतं, असं ऐकतो. बघितलेलं नाही.

बुधवार उजाडला. सुर्वे म्हणाला, "अक्का, ह्या मशीनला जमणार नाय. मुंबईवरनं नवीन आणाया लागंल."

"गुरुवार मुंबईला विचारून येतो का रे? उद्या आहे तो. तू आधी सगळं होतं तसं कर."

"होतं तसं म्हंजे बारीक?"

"बारीक. आता सांग, त्या मोठ्या पडद्याचं स्वतःचं माप असेल ना काहीतरी? त्याच्या अंगावर हा असा फुगलेला सदरा का?"

सुर्व्याने डोकं खाजवलं. "दोघांवर एकच चित्र ठेवलंय ना अक्का. म्हणून मोठ्याला धाकट्याच्या मापानं चालाया लागतंय."

खोलीत शेखर होता. अक्का त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "मग धाकट्याचं तोंड बंद कर."

सुर्व्याने लॅपटॉपचा पडदा बंद करून चित्र फक्त मोठ्यावर ठेवलं, त्याचं माप त्याला दिलं. सरपंच क्षणात काडीपैलवान झाला, अक्षरं सुईसारखी टोकदार झाली. पण बारीक.

"आता विंडोजला हात लावायचा नाही," अक्का म्हणाल्या. "मला रायगड नीट दिसत नाही म्हणून कुणी रायगड वाढवत नाय. मी पायथ्याला, पाचाडला जाऊन उभी राहते. तसं मला त्या पानाजवळ ने. नुसतं पान जवळ आण, बाकी मुलूख आहे तिथे राहू दे."

"म्हंजे पान झूम करू?"

"बारसं तू कर. काम कर आधी."

आता हे सुर्व्याला आधी का सुचलं नाही, हे मला विचारू नका. त्याने प्रोग्राममधलं पान तेवढं वाढवलं. पडद्यावर एका वेळी चार-पाच शब्द मावत होते, पण मात्रा शाबूत, अनुस्वार बोराएवढा आणि ओके पुन्हा रायगड जिल्ह्यात. अक्कांनी पडद्याला नाक लावलं आणि हळूच म्हणाल्या, "ऱ्हस्व इकार." इतक्या मायेने त्यांनी आमच्यापैकी कुणालाही कधी हाक मारली नव्हती.

गुरुवारी दुपारी कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्का वाचू लागल्या. मी बाण दाबून पान सरकवत होतो, शब्द उजवीकडून एकेक करत येत होते. पहिल्या पानावर माझी बातमी होती. वरंधच्या रस्त्यावरची खचलेली मोरी, ओढ्यावरचा तो छोटा पूल, मी स्वतः जाऊन पाहिली होती, बिबट्यानंतर मी सुधारलो होतो.

"वरंध रस्त्यावरील नवी मोरी स्वल्पविराम पहिल्याच पावसाळ्यात स्वल्पविराम अतिवृष्टीमुळे..."

अक्का थांबल्या. शेखर पुढे झुकला. "अडलं का काकू?"

"अडलं नाही. टोचलं. पोलादपूरकर, तू 'अतिवृष्टीमुळे' लिहिलंस?"

"नाही अक्का. 'सिमेंटच्या जागी माती भरल्यामुळे' लिहिलं होतं."

शेखरचा चेहरा पडला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, ठेकेदार पूर्ण पानाची जाहिरात देतोय. एका शब्दाने काय बिघडतं?"

"त्या मोरीच्या शेजारी जुनी मोरी आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळची. ती उभी हाय. पाऊस काय माणसं बघून पडतो रे?"

अक्कांनी कीबोर्ड पुढे ओढला. 'अतिवृष्टीमुळे' त्यांनी एकेक अक्षर मागून खोडलं आणि माझं वाक्य परत घातलं, त्यात 'ठेकेदाराने' हा शब्द स्वतःच्या पदरचा वाढवला. प्रोग्रामने विचारलं, बदल ठेवू का? चौकट पडद्याच्या मधोमध उभी होती. अक्कांनी बटण असं दाबलं की टेबलावरचा चहा माझ्या मांडीवर आला. मग उरलेली तीन पानं त्यांनी पूर्णविरामापर्यंत वाचली. शेखरने तो विषय पुन्हा काढला नाही. पूर्ण पानाची जाहिरात आली नाही, त्या जागी अक्कांनी दोन्ही मोऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी छापले.

पुढे काही वर्षं 'खणखणीत' निघत राहिला. दर पावसाळ्यागणिक पान आणखी जवळ आणावं लागे. चार शब्दांचे दोन झाले, दोनाचा एक. शेवटी एका दुपारी मी वाढवत वाढवत एकच अक्षर पडदाभर केलं.

"काय दिसतंय अक्का?"

"शाई," त्या म्हणाल्या. "नुसती शाई दिसतेय. बंद कर."

शेखर आला आणि अगदी नीट बोलला. नाव तरी चालू ठेवू या, म्हणाला. अक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "नाव देईन रे बाबा, पण त्याच्याखाली काय जातंय ते वाचणार कोण?" त्याच आठवड्यात त्यांनी कचेरीत जाऊन साप्ताहिक रीतसर बंद केलं आणि ते नाव दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून साहेबाशी भांडून आल्या.

आम्हाला वाटलं अक्का आता घरी बसतील. पुढच्या गुरुवारी त्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या फलाटासमोर बाकावर बसलेल्या दिसल्या. गावोगावचे लोक गाडीतून उतरत, जे पाहिलं ते त्यांना सांगत, अक्का उलटसुलट विचारून खात्री करत आणि मग भरल्या स्टँडवर बातमी म्हणत. छापायचा खर्च नाही, खोडायची सोय नाही. त्या गेल्या त्याच्या आदल्या गुरुवारपर्यंत हे चाललं. मोरीचा ठेकेदार दर गुरुवारी स्टँडवरून जायचं टाळी आणि मागच्या गल्लीने जाई. ती गल्लीही त्यानेच बांधलेली, म्हणून बिचारा खाली बघत, एकेक पाऊल चाचपत चालायचा.